बाबांचा तापट रेझर

प्रिय बारक्या,

चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणू नये, हे तुझ्या बायकोने मला मागेच सुचवलंय. शाळेतली पोरं तुला सर म्हणतात, तेवढं पुरे आहे. मला आता नवीन नाव जिभेवर बसवायला जमणार नाही.

रविवारी फोनवर मी तीन आठवडे प्रशिक्षणाला जातेय म्हटल्यावर तू येतो म्हणालास, तीन आठवड्यांची रजाही काढलीस, मला फार बरं वाटलं. पण लगेच पुढे म्हणालास, "ताई, बाकी सगळं करीन, दाढीचं मात्र मशीन आणतो, नाहीतर सलूनवाल्याला घरी बोलावतो. माझ्या हाताचा भरवसा नाही." मी तेव्हा गप्प बसले, कारण बाबा समोर खुर्चीत होते आणि त्यांची जीभ अडखळत असली तरी कान अजून तरणे आहेत. म्हणून हे पत्र. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू न वाचता अंगठा पाठवून मोकळा झाला असतास. हे कागदावरचं आहे, पूर्ण वाचावं लागेल. बाबांची दाढी तू करायचीस, त्यांच्याच रेझरने करायचीस, आणि ती कशी करायची ते मी सांगणार आहे.

मशीन आणि सलूनवाला हे दोन्ही करून झालंय. अर्धांगाचा झटका आल्यावर ते दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात मी मशीन आणलं. त्यांची दाढी तुला माहीत आहे, दाढी कसली, भांडी घासायची तारच ती. मशीन नुसतं घरघरत वरून फिरायचं. उजव्या गालाला त्यांना काही कळत नाही आणि डाव्या गालाला गुदगुल्या व्हायच्या, मग ते मान ओढून घ्यायचे. चार दिवसांनी मी ते खोक्यात घालून ठेवलं. सलूनवाला माणूस चांगला होता रे, हातही साफ. पण बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही असं त्याने धरलं आणि तो कानाशी ओरडला, "काय आजोबा, आज हीरो करून टाकू का?" दुसऱ्या खेपेला बाबांनी डाव्या हाताने साबणाची वाटी भिरकावली. डावा हात असल्यामुळे नेम चुकला. त्याने शांतपणे टॉवेल झटकला आणि म्हणाला, "ताई, आजोबांचा राग उतरला की कळवा." तो अजून उतरलेला नाही. मग एका सकाळी मी स्वतःच रेझर हातात घेतला. सत्तावीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवतेय, परक्या माणसाच्या चेहऱ्याला हात लावायची भीती मला नाही. बाबांच्या चेहऱ्याला लावताना मात्र वाटली.

रेझर तू विसरला नसशील. तोच आहे, तीन तुकड्यांचा, जड, खालच्या पट्टीला कंगव्यासारखे दात असलेला. मी ब्लेड घेते तो दुकानदार तो हातात घेऊन म्हणाला होता, की असे रेझर आता कोणी वापरत नाही, आताच्या रेझरमध्ये ब्लेडची धार जेमतेम बाहेर डोकावते, यात मात्र ती चांगली उघडी पडते. त्याच्या भाषेत हा रेझर तापट. मी म्हटलं, मालकावर गेलाय. तर या तापट रेझरची पहिली गोष्ट ही, की त्याला दाबायचं नाही. अजिबात नाही. आपल्याला सवय असते, नीट कापलं जात नाही असं वाटलं की जोर लावायचा. इथे जोर लावलास की रक्त निघालंच म्हणून समज. दांडा अगदी शेवटाला तीन बोटांत धर, चहाच्या कपाचा कान धरतोस ना, तसा. रेझरचं वजनच काम करतं. तू फक्त त्याला वाट दाखवायची.

दुसरी गोष्ट कोनाची. तू भूमितीचा मास्तर, तुला हे माझ्यापेक्षा लवकर समजेल. आधी रेझरचं डोकं गालावर सपाट टेकव, म्हणजे दांडा गालापासून सरळ बाहेर आलेला दिसेल. असा ठेवून खाली ओढलास तर काहीच कापलं जाणार नाही. मग दांडा हळूहळू खाली झुकवत ये. एका जागी आवाज सुरू होतो, कोरडा, खर्र असा, जाड कागद फाडताना येतो तसा. तिथे थांब. त्याच्याही खाली गेलास की आवाज मऊ होतो आणि कातडी खरवडली जाते. मी पहिले पंधरा दिवस कोन डोळ्याने बघत होते. आता डोळे मिटूनही कळतो. त्यामुळे दाढी करताना रेडिओ बंद ठेव, तुझ्या बायकोचा फोन आला तरी उचलू नकोस.

हात छोटे मार, बोटाच्या दोन पेरांएवढे. आधी सगळीकडे सुलटा हात, म्हणजे वरून खाली. मग पुन्हा साबण लावून कानाकडून नाकाकडे आडवा. उलटा हात मारायचाच नाही. गुळगुळीत नाही झाली तरी चालेल, त्यांना कुठे बोहल्यावर चढायचंय. गळ्यावर जपून, तिथे कंठमण्याच्या डाव्या बाजूला केसांचा भोवरा आहे, खालून वर वाढणारा. तेवढ्या जागी सुलटा हात म्हणजे खालून वर. हे कोणी सांगत नाही, बोट फिरवून शोधावं लागतं. दाढी करण्याआधी एकदा कोरड्या चेहऱ्यावर बोटं फिरव, ज्या दिशेने फिरवताना खरखर लागेल, केस त्याच्या उलट दिशेने वाढतायत असं समज. त्यांना ते आवडतं. डोळे मिटून घेतात.

उजवा गाल मुका आहे. तो खाली ओघळलाय, म्हणून डाव्या हाताने कानाकडे ताणून धरावा लागतो. आणि त्या बाजूला तू दाबतोयस, ओढतोयस, हे त्यांना कळणारच नाही, त्यामुळे ते तुला सांगणार नाहीत. डाव्या गालाला काही चुकलं तर भुवई उडते, उजव्या बाजूला तुझं तुलाच बघायचंय. म्हणून मी सुरुवात डावीकडून करते. तिथे भुवई शांत राहिली की तोच हात उजवीकडे न्यायचा. नाक मात्र त्यांना स्वतःला वर उचलू दे, वरच्या ओठाच्या वेळी. डाव्या हाताच्या दोन बोटांनी नाकाचा शेंडा धरून अशा ऐटीत वर करतात की हसू येतं. ते त्यांचं काम आहे, काढून घेऊ नकोस. ब्रशही आधी त्यांच्याच हातात दे. फेस कानात जाईल, शर्टावर जाईल, जाऊ दे.

आता ब्लेड. इथे मी एक गाढवपणा केला होता तो सांगते, म्हणजे तू करणार नाहीस. दुकानात तीन रंगांच्या पाकिटांतली होती, निळी, पिवळी आणि हिरवी. दुकानदार म्हणाला, निळं सगळ्यांत धारदार, हिरवं सगळ्यांत सौम्य. मी अर्थातच हिरवं उचललं. तापट रेझर, म्हाताऱ्याची कातडी, त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, म्हटलं सौम्यच बरं. पहिल्या दिवशी ठीक गेलं. दुसऱ्या दिवसापासून ते केस कापायच्या ऐवजी ओढायला लागलं. ओढलं की बाबा चेहरा कसानुसा करायचे, मी घाबरून जरा जोर लावायची, आणि जोर लावला की कापायचं. आठवडाभर रोज तुरटी. बाबा पाकिटाकडे बोट करून काहीतरी म्हणायचे, मला वाटायचं ब्लेड नकोच म्हणतायत. शेवटी एकदा मी त्यांना दुकानातच घेऊन गेले, चाकांच्या खुर्चीसकट. त्यांनी निळं पाकीट उचललं आणि माझ्या हातावर असं आपटलं की दुकानदार म्हणाला, "बघा, घेणारा बोलला." चाळीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापायच्या मशीनवर उभा राहिलेला माणूस, धार म्हणजे काय ते मी त्यांना शिकवत होते. बोथट ब्लेड दया दाखवतं असं आपल्याला वाटतं. खरं तर तेच जास्त जाचतं.

तेव्हा निळंच घाल. नव्या ब्लेडचा पहिला दिवस जरा खवळलेला असतो, म्हणून बाटलीचं बूच कपाटात ठेवलंय, ते ओलं करून त्याच्यावरून ब्लेडच्या दोन्ही धारा एकेकदा हलकेच ओढायच्या. हे बाबांनी हाताने करून दाखवलं. चार दाढ्या झाल्या की ब्लेड टाकून दे, पाचवी करायचा मोह नको. कापलंच तर घाबरू नकोस. गोळ्यांमुळे रक्त लवकर थांबत नाही, दहा-पंधरा मिनिटं कापूस धरून बसायचं. तेवढ्या वेळात ते बोलतात.

हे मला तुला सांगायचंच होतं. दाढीच्या आधी, फेस लावून केस मऊ व्हायची वाट बघत असतो तेव्हा, आणि नंतर तुरटी सुकेपर्यंत, बाबा बोलतात. एरवी दिवसभर हं, नको, पाणी, एवढंच. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणते, समोरचा माणूस उत्तराची वाट बघत नसला की त्यांना शब्द सापडतात. मी ब्रश धूत असते, पाठमोरी असते, म्हणून असेल. एका सकाळी एक शब्द, दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचा. एका वाक्याला कधी कधी आठवडा लागतो. मी घाई करत नाही. अशी जोडत जोडत मला एक गोष्ट कळली आहे, आणि ती तुझी आहे.

मी पहिल्यांदा त्यांची दाढी केली तेव्हा त्यांना तीन ठिकाणी कापलं. ते हिरव्या ब्लेडमुळे नव्हतं, तो गोंधळ नंतरचा. त्या दिवशी मी रेझरचे तिन्ही तुकडे सुटे करून गरम पाण्यात धुतले. रेझरच्या डबीत तळाच्या कापडाखाली एका जुन्या ब्लेडच्या कागदात गुंडाळलेली एक पातळ पट्टी सापडली, दोन्ही बाजूंच्या धारा कापून टाकलेल्या ब्लेडची. मधली भोकं रेझरला बरोबर बसत होती. मला वाटलं हा रेझरचाच भाग, कोणीतरी धुताना काढून ठेवलेला. मी शहाणी, ती ब्लेडच्या खाली नीट बसवली आणि दांडा आवळला. हात हलका होता रे माझा, शपथ. तरी पहिल्याच ओढीला गालावर लाल रेघ उमटली. आणि हनुवटीवर. आणि जबड्याखाली, डाव्या बाजूला. चाळीस मिनिटं रक्त थांबेना. बाबांनी माझं मनगट धरलं, रेझरच्या डोक्यावर बोट आपटलं, डाव्या हाताने डोकं पकडून मला दांडा उलटा फिरवायला लावला. ब्लेडखालून पट्टी निघाली. ती तळहातावर घेऊन ते रडायला लागले. मला वाटलं दुखतंय.

त्यांच्याकडून जे कळलं ते असं. कारखान्यात कागद कापायची लांब सुरी धार लावून लावून आखूड होते, मग तिच्या मागे पातळ पट्ट्या घालून तिला पुढे आणतात. ही तिथली रोजची रीत. बाबांची दाढी इतकी राठ, की हा रेझरही त्यांना पुरत नव्हता, म्हणून त्यांनी तीच युक्ती इथे केली. ब्लेडखाली जुन्या ब्लेडची पट्टी घातली की धार आणखी उघडी पडते. त्यांचा हात बसलेला होता, त्यांना चालायचं. दुसऱ्या कोणाच्या हातात तो रेझर म्हणजे उघडी सुरीच. घरात कोणाला ठाऊक नव्हतं, कारण घरात त्या रेझरला दुसरं कोणी हातच लावत नव्हतं. फक्त एकदा लावला.

तू सोळा वर्षांचा होतास. त्या दिवशी बाबा तुला कारखान्यात घेऊन जाणार होते, मशीनवर शिकाऊ म्हणून. मालकाशी बोलणं झालं होतं. तू बाबांचा इस्त्रीचा शर्ट घातलास, बाह्या दुमडल्यास, आणि मोठा दिसावास म्हणून त्यांच्याआधी मोरीतल्या आरशासमोर उभा राहिलास. मी स्वयंपाकघरात डबे भरत होते. तुझा आवाज आला नाही, बेसिनमध्ये रेझर पडल्याचा आला. जबड्याखाली डाव्या बाजूला, पाच टाके. मी टॉवेल दाबून तुला डॉक्टरकडे नेलं, त्याआधी बाबा दारात येऊन जे बोलले ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. "ज्याला रेझर धरता येत नाही त्याच्या हातात मशीन कोण देणार? तुझ्या हातांचं काही खरं नाही." आणि एकटेच कामावर गेले. त्यानंतर कारखान्याचा विषय निघाला नाही. तू शिकलास, मास्तर झालास, त्याचं कोणाला वाईट वाटायचं कारणच नव्हतं. दाढी वाढवलीस, ती तुला शोभते. पण मागच्या वेळी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझ्या लेकीने सफरचंद कापून मागितलं आणि तू ते सुरीसकट बायकोकडे सरकवलंस, आणि सगळे हसले, तुला सुरीची भीती वाटते म्हणून. मीही हसले. ते हसणं मला आता नको झालंय.

बाबांनी बेसिनमधला रेझर उचलला तेव्हाच त्यांना कळलं होतं. पट्टी आदल्या संध्याकाळी त्यांनीच घातली होती. चूक त्यांची, आणि ओरडले तुझ्यावर. त्या दिवशी त्यांनी पट्टी काढून डबीत ठेवली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं अर्धवट दाढी करत राहिले. आपण समजत होतो वय झालं, आता टापटीप राहात नाहीत. मी विचारलं, बाबा, त्याला सांगितलं का नाहीत? आणि ब्रश धुवायला पाठ फिरवली. मग म्हणाले, "लाज." दुसऱ्या दिवशी फेस लावताना म्हणाले, "मग उशीर." तू त्यांना माफ करावंस असं मी म्हणत नाही. तुझी अठ्ठावीस वर्षं आहेत, ती तुझी तू मोज. पण एवढं मात्र मी बघितलंय: मी एक्कावन्न वर्षांची, चष्म्याच्या दांड्यांचे केसाएवढे स्क्रू पिळणारी बाई, त्या पट्टीसकट रेझर धरला तर तीन ठिकाणी कापलं, त्यातलं एक अगदी तुझ्या जागी. तुझ्या हातांना काहीही झालेलं नव्हतं.

आता कबुली. मला कुठल्याही प्रशिक्षणाला जायचं नाहीये. आमच्या दुकानात कोणी कोणाला तीन आठवडे प्रशिक्षणाला पाठवत नाही, तुला ते खरं वाटलं याचंच मला नवल वाटलं. मी थकलेलीही नाही, दाढी मला आता छान जमते. पंधरा दिवसांपूर्वी तुरटी सुकत असताना बाबा म्हणाले, "बारक्याने." काय बारक्याने, मी विचारलं नाही, ब्रश धूत राहिले. चौथ्या दिवशी वाक्य पुरं झालं. "बारक्याने करावी. एकदा." म्हणून मी खोटं बोलून तुला बोलावलं. रविवारी फोन ठेवल्यावर तू येतोयस म्हणून त्यांना सांगितलं, आणि सोमवारी सकाळी वाटी घेऊन गेले तर त्यांनी चेहरा फिरवला. मंगळवारी, काल, आज, तेच. जबरदस्ती केली तर वाटी भिरकावतील, आणि आता नेमही सुधारलाय. तू पुढच्या शुक्रवारी येशील तेव्हा बारा दिवसांची वाढलेली असेल, आधी कात्रीने बारीक करावी लागेल, मग गरम पाण्यातला टॉवेल दोनदा. ते मान मागे टाकून, गळा उघडा ठेवून बसतील. सावकाश कर. मी शेजारच्या खोलीत असेन, पण आत येणार नाही.

तुझीच,
ताई